वर्गातील डिजिटल सुरक्षितता

शिकवण्यासाठी, पालकांना निरोप देण्यासाठी आणि कार्यालयीन नोंदींसाठी शाळा मोबाइल, स्मार्ट टीव्ही, ॲप व समाजमाध्यमे वापरते. ती वापरताना मुलांची ओळख, छायाचित्रे, माहिती आणि मनःस्वास्थ्य जपण्यासाठी पाळायच्या शिस्तीला वर्गातील डिजिटल सुरक्षितता म्हणतात. या विषयावरचे बहुतेक लिखाण असे धरून चालते की मुलाच्या हातात स्वतःचा फोन आहे, त्याचे स्वतःचे खाते आहे आणि धोका कुणा अनोळखी माणसाकडून येणार आहे. सातारा-सांगलीकडच्या खेड्यातल्या शाळेत पुष्कळदा चित्र वेगळे दिसते. घरात फोन एकच, तोही वडिलांचा. दिवसा तो उसाच्या फडात नाहीतर एमआयडीसीत असतो आणि संध्याकाळी तासभर पोरांच्या वाट्याला येतो. पोराचे खाते कुठेच नसते. फोटो, नाव, जन्मतारीख मात्र इंटरनेटवर असते, आणि ती तिथे नेणारा हात बऱ्याचदा शाळेचाच असतो. म्हणून या नोंदीत मुलांच्या फोनपेक्षा गुरुजींच्या फोनचा विचार अधिक केला आहे.

पार्श्वभूमी : केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा ऑनलाइन शिक्षणसाहित्याचा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड रुळले. पुस्तकाच्या पानाला कोड जोडण्याचा प्रयोग शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्याआधीच केला होता. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. गावोगावचे डिजिटल वर्ग पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणीतून उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिला, कुणी इन्व्हर्टर दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून शाळेसाठी पदर पसरणे आणि शाळेला पदरचे देणे या मुलखाला नवे नाही. टीव्हीबरोबर त्याचे पासवर्ड कुणी सांभाळायचे, हा प्रश्न मात्र वर्गणी काढताना कुणाच्या डोक्यात नव्हता.

खरा बदल मार्च २०२० नंतरचा. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून येई आणि शिक्षक ती पालकांच्या ग्रुपात टाकत. शाळा उघडल्या, ग्रुप राहिले. दर जूनला नाव तेवढे बदलते, ‘चौथी अ’चे ‘पाचवी अ’ होते. दाखला काढून गेलेल्या मुलाचा चुलता त्यात असतो, दोन वर्षांपूर्वीचा रिक्षावाला असतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते आणि तो नवा धनी कधी कधी आयताच ग्रुपात येऊन बसतो. हजेरीपटावरून नाव कमी करायला मुख्याध्यापकांची सही लागते. ग्रुपातून कमी करायचे कुणाला सुचत नाही.

साध्या ग्रुपात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एखाद्या मुलीच्या आईचा नंबर असा चाळीस घरांत जातो, आणि रात्री दहानंतर ‘हाय’ म्हणून येणाऱ्या संदेशाचा माग काढत गेले की तो वर्गाच्या ग्रुपापाशीच पोहोचतो. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतील सूचना-ग्रुपात किंवा चॅनलवर सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तेवढे करायचे नसेल तर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय तरी सुरू ठेवावी. तिने ‘शुभ सकाळ’ही थांबते, हा वरचा फायदा.

फोटो : २०१६ च्या अखेरीस राज्याच्या शिक्षण खात्याने एक फर्मान काढले होते. मुलांची गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून ती शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ‘सरल’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चढवायची होती. शिक्षकांनी विरोध केला आणि योजना बारगळली. विरोधाचा भर जादा कामावर आणि नेटवर्कवर होता. मुलांच्या चेहऱ्यांचे काय, हा सवाल तेव्हा फारसा ऐकू आला नाही. पोषण आहार, वृक्षारोपण, परिपाठ, सगळ्याचा पुरावा म्हणजे फोटो, ही सवय मात्र टिकली. केंद्रप्रमुख मागतात म्हणून मुख्याध्यापक मागतात, मुख्याध्यापक मागतात म्हणून शिक्षक काढतात.

शिष्यवृत्ती परीक्षेत गुणवत्ता यादीत आलेल्या मुलीचा एक नेहमीचा फोटो जवळून पाहू. मुलगी प्रमाणपत्र छातीशी धरून उभी आहे. फोटो मोठा केला की तिचे पूर्ण नाव, आईचे नाव, बैठक क्रमांक वाचता येतो. मागच्या भिंतीवर शाळेचे नाव, गाव, तालुका आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) रंगवलेला आहे. गणवेशावर ओळखपत्र, त्यावर रक्तगट आणि वडिलांचा मोबाइल नंबर. खाली ओळ : ‘रोज सायकलवरून तीन किलोमीटर येणारी आमची गुणी विद्यार्थिनी.’ फोटो सार्वजनिक पानावर, पाहणाऱ्यांची मर्यादा नाही. कौतुक खोटे नाही. पण एखाद्या परक्या माणसाला त्या मुलीशी ‘तुझ्या पप्पांनी पाठवलंय’ म्हणून बोलायला जे जे लागते, ते सारे या एका चौकटीत आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रमाणपत्र दुमडून किंवा उलटे धरावे. ओळखपत्र खिशात घालावे. पाठमोरी मुले, मातीत बरबटलेले हात, फळ्यावरचे गणित, एवढ्यातही उपक्रम दिसतो. नाव टाकायचे तर चेहरा नको, चेहरा टाकायचा तर पूर्ण नाव नको. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. जूनच्या पालक सभेत संमतीचा कागद भरून घ्यावा आणि त्यात ‘नाही’ म्हणायची जागा खरोखर ठेवावी. प्रस्तुत नोंदकाराच्या मते पोरालाही विचारावे. सातवीतल्या मुलाला पहिलीतल्या स्नेहसंमेलनात आपण परकर नेसून नाचलो ते यूट्यूबवर हवेच असते असे नाही.

कायदा : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवता येत नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती शाळांना सवलत आहे. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तिच्यात बसतात असे समजणे धाडसाचे ठरेल. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांची स्वतःची वयोमर्यादा तेरा आहे, त्यामुळे सहावीच्या मुलांचा ग्रुप काढणारा शिक्षक नकळत ती अट मोडत असतो.

सर्वांत नाजूक प्रसंग वेगळाच आहे. मुलामुलींच्या फोनवर वर्गातल्या कुणाचा आक्षेपार्ह फोटो फिरतो आहे असे शिक्षकाला कळते. हल्ली तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपने बनवलेलाही असतो. अशा वेळी चांगल्या हेतूने केलेली पहिली चूक म्हणजे ‘पुरावा’ म्हणून तो मुख्याध्यापकांना पाठवणे, आणि दुसरी म्हणजे त्यांनी तो शिक्षकांच्या ग्रुपात टाकणे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ ब खाली मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हा गुन्हा आहे. ते जवळ बाळगण्यालाही पोक्सो कायद्याचे (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) कलम १५ लागू होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. म्हणून चित्र हलवायचे नाही. कोणत्या खात्यावर, किती वाजता, कुणी दाखवले हे वहीत लिहायचे आणि पोलिसांना कळवायचे. पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. ‘शाळेचे नाव जाईल, आपसात मिटवू’ ही बैठक त्यामुळे स्वतःच बेकायदा ठरते. मुलाचे नाव, शाळा, गाव कळेल असे काही छापता वा पसरवता येत नाही.

ज्याचे असे चित्र फिरते आहे त्या मुलाला तिथल्या तिथे आधार देणारी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा चित्राचा एक सांकेतिक ठसा ती मुलाच्या फोनवरच तयार करते. चित्र फोनबाहेर जात नाही, ठसा सहभागी समाजमाध्यमांकडे जातो आणि जुळणारे चित्र सापडल्यास ती ते उतरवू शकतात. व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद गप्पांत तिचा उपयोग होत नाही. मुलांसाठी १०९८ आणि पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे रंगवून टाकलेले बरे.

अफवा : १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातील लवंगा येथे विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. पुढच्या वर्षी सप्टेंबरातच खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, एक तरुण मारला गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. शाळेच्या दृष्टीने पहिल्या घटनेतला मुद्दा जिव्हारी लागणारा आहे : ‘मुले पळवतात’ हा निरोप सर्वांत वेगाने धावतो तो पालकांच्या ग्रुपातून, आणि तिथे तो दिसला की त्यावर शाळेचा शिक्का असल्यासारखा वाटतो. शिक्षकाने गप्प राहणे म्हणजे त्याला दुजोरा देणे होते. पोलीस ठाण्यात फोन लावून ‘विचारले, असे काही नाही’ एवढी एक ओळ लिहिली तरी पुष्कळ आग विझते. पुसेसावळीच्या घटनेतून वर्गात बोलायची गोष्ट निराळी : आपल्या नावाच्या खात्यावरून दुसराही लिहू शकतो, म्हणून पासवर्ड मित्रालाही द्यायचा नसतो आणि स्क्रीनशॉट म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नसतो.

वर्गातला पडदा : शिक्षकाचा फोन टीव्हीला जोडलेला असतो. पचनसंस्था सुरू आहे, आणि वरून निरोप उतरतो : ‘हप्ता थकला आहे.’ चाळीस पोरे एका सुरात वाचतात. फोन जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावणे इतकाच यावर उतारा. यूट्यूबवर पाठ संपला की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो कोणता असेल याची हमी कुणाची नसते. ऑटोप्ले बंद ठेवावा आणि दाखवायचे ते आधी शेवटपर्यंत पाहावे. कार्यालयातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडे राहते, शिक्षक बदलून गेले तरी. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून येणारी एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप बसवणारी) एका पालकाने दाबली की त्याच्या खात्यावरून ती साऱ्या ग्रुपात जाते. टू-स्टेप पडताळणीचा सहा आकडी पिन चोराला खाते उचलू देत नाही. फाइल उघडल्याने फोनमध्ये जे शिरते त्याला मात्र तो अडवत नाही.

मुलांशी बोलणे : फोन काढून घेण्याची धमकी दिली की मूल पुढच्या वेळी सांगत नाही, हे अनुभवी शिक्षकांना ठाऊक असते. शिक्षकाने विद्यार्थ्याशी खासगी चॅट टाळावे, बोलायचेच तर पालक असलेल्या ग्रुपात. राज्यातल्या शाळांत २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायची आहे. तिची बैठक कागदावरच न राहता झाली, तर ऑनलाइन छळाची तक्रार ऐकायला तीच योग्य जागा.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये निराळी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला दुसरा भोंगा. बंदी फक्त पोरांवर नव्हती, मोठ्यांवरही होती, म्हणून ती देशभर गाजली. जी शाळा गृहपाठ फक्त ग्रुपात टाकते, तिला असा भोंगा वाजणाऱ्या गावात तो चार वाजता, घंटा व्हायच्या आत, फळ्यावर लिहावा लागेल.