तांबेरा अडवणारा गहू आणि तांबेऱ्याला रखडवणारा गहू

गव्हाच्या वाणांच्या यादीत एकापुढे ‘तांबेरा प्रतिकारक’ लिहिलेले असते, दुसऱ्यापुढे ‘मध्यम प्रतिकारक’. वाचणारा साहजिकच पहिल्यावर बोट ठेवतो. पहिल्यात प्रतिकार भरपूर, दुसऱ्यात जरा कमी, एवढाच हिशोब. पण बऱ्याचदा हा फरक कमी-जास्तीचा नसतोच. आत काम करणारी जनुकेच निराळी असतात.

पान हातात घेऊन बघा. पहिल्या प्रकारच्या गव्हात तांबेऱ्याची बुरशी आत शिरते आणि तिथल्या पेशी स्वतःहून मरतात. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगणारी, त्यामुळे तिथेच उपाशी संपते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका उरतो. बोट फिरवले तर काही लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पानावर पुळ्या येतात, बोटाला विटकरी भुकटीही लागते. मात्र त्या उशिरा येतात, बारीक राहतात, मोजक्याच असतात. रोग शेतभर पसरेपर्यंत दाणा भरत आलेला असतो. रोपावस्थेत तर हा गहू सरळ बळी पडतो. त्याचा गुण दिसतो तो वाढलेल्या झाडात.

पहिल्या प्रकारची बहुतेक जनुके पेशीत पहारेकरी प्रथिने तयार करतात आणि त्यातला एकेक पहारेकरी सहसा बुरशीचे एखादेच प्रथिन ओळखतो. झाडाच्या एका जनुकाला बुरशीचे एक जनुक, ही जोडी अमेरिकेत फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवली. खोटही तीच. बुरशीने तेवढे एक प्रथिन बदलले किंवा गाळले, की पहारेकऱ्याला काही दिसत नाही. म्हणून झाडही स्वस्थ बसलेले नाही. ही जनुके गुणसूत्रावर घोळक्याने असतात, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या जादा प्रती होतात, काही बिघडून निकामी होतात, एखादीला नवी नजर येते. गव्हात अशी जनुके हजारावर आहेत.

तरी एकट्या जनुकावर भिस्त ठेवली तर काय होते, ते खोडाचा तांबेरा अडवणाऱ्या एसआर ३१ या जनुकाने दाखवले. राय या धान्यातून गव्हात आलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यावर हे जनुक बसलेले. त्याच तुकड्यावर पानावरचा तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरी यांच्याविरुद्धचीही जनुके. एवढे आयते मिळाल्यावर कोण सोडणार? जगभरच्या पैदासकारांनी तो तुकडा घेतला. पंजाबातला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण त्यातलाच. १९९८ साली युगांडात एसआर ३१ असलेल्या गव्हावर खोडाचा तांबेरा आढळला. यूजी ९९ नावाची ही बुरशी २००७पर्यंत इराणात पोचली. २०१९ साली तिचे कूळ उलगडले: तिच्या पेशीतल्या दोन केंद्रकांपैकी एक आफ्रिकेतल्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जुळणारे. लैंगिक संकराशिवाय, नुसत्या केंद्रकांच्या देवघेवीतून जन्मलेली.

दुसऱ्या प्रकारचे एलआर ३४ हे जनुक पहारा देतच नाही. २००९ साली ते वेगळे काढले तेव्हा निघाले पदार्थांची ने-आण करणारे एक प्रथिन, नेहमीच्या प्रथिनापेक्षा जेमतेम दोन जागी बदललेले. पानाचा तांबेरा, पिवळा तांबेरा, भुरी, सगळ्यांनाच ते रखडवते. ओळखण्याजोगे एकच प्रथिन नसल्याने बुरशीला एका झटक्यात निसटता येत नाही. विसाव्या शतकात सुरुवातीपासून वापरात असूनही ते टिकून आहे. एकट्याने मात्र मोठी साथ झेपत नाही. अशी चार-पाच जनुके एकत्र आली तर रोग जवळजवळ नाहीसाच होतो. माझ्या लेखी भरवसा ठेवायचा तर यांच्यावर.

गंमत म्हणजे आपल्या खपलीच्या कुळाने दोन्ही प्रकार पुरवले आहेत. खोडाच्या तांबेऱ्याचे वंश ओळखायला अमेरिकेत जो बारा गव्हांचा संच वापरत, त्यात ‘खपली’ याच नावाचा गहू होता. त्यातले एसआर १३ हे पहारेकरी जनुक यूजी ९९लाही ओळखते. आणि रखडवणारे एसआर २ आले यारोस्लाव या रशियन खपलीतून. साउथ डकोटात मॅकफॅडन यांनी १९२०च्या दशकात ते ‘होप’ या वाणात उतरवले.

एसआर २ असलेल्या गव्हाची ओंबी आणि तिच्याखालची कांडी कधीकधी काळवंडते, एलआर ३४ असलेल्या पानाची टोके वाळतात. निवड करताना अशी झाडे रोगट समजून उपटली जातात ती यामुळेच.