अपत्यरक्षणातील कसूर

अपत्यरक्षणातील कसूर : मुलाला इजा पोचण्याचा धोका ठाऊक असून पालकाने तो टाळला नाही, असा बालसंरक्षण कायद्यातील ठपका. पतीची वा जोडीदाराची मारहाण सोसणाऱ्या आईवरच तो ठेवला जाऊ लागल्याने ही संकल्पना वादग्रस्त ठरली.

उगमाबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ इंग्लिश रूढिविधीतील (न्यायालयीन निर्णयांतून घडलेल्या कायद्यातील) पालककर्तव्यात आहे : कर्तव्य असताना काहीच न करणे हाही गुन्हा. दुसऱ्या मतानुसार ती अमेरिकेतील बालसंरक्षण यंत्रणेची निपज होय. १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांचे वर्णन केले. पाठोपाठ डॉक्टरांवर खबर देण्याची सक्ती आली आणि १९७४ च्या संघीय कायद्याने राज्यांचे अनुदान अशा तरतुदींशी जोडले. आईला झालेली मारहाण मुलाकडे दुर्लक्ष झाल्याचा पुरावा मानण्याची प्रथा मात्र बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रुळली असावी. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मिनेसोटा राज्याने १९९९ मध्ये घरातील हिंसा मुलाच्या नजरेस वा कानी पडणे हेच ‘दुर्लक्ष’ ठरवले. तक्रारींचा इतका पूर आला की पुढल्याच वर्षी तरतूद मागे घ्यावी लागली.

न्यूयॉर्कमधील निकल्सन खटला या विषयात निर्णायक मानला जातो. (संघीय जिल्हा न्यायालयात प्रतिवादी विल्यम्स आणि राज्याच्या न्यायालयात स्कॉपेटा असल्याने तो दोन नावांनी उद्धृत होतो, वाचकांची त्यामुळे फसगत होते.) १९९९ मध्ये ब्रुकलिनमधील निकल्सन नावाच्या स्त्रीला तिच्या मुलीच्या बापाने हात मोडेपर्यंत मारले. रुग्णालयात जाण्यापूर्वी तिने मुलांना शेजारणीकडे सोपवले होते. तरीही शहराच्या बालसेवा विभागाने मुले ताब्यात घेतली आणि ती आईला २१ दिवसांनी परत मिळाली. मुले नेल्यावर काही दिवस न्यायालयात जायचे नाही, म्हणजे आई बहुधा अटी मान्य करते, अशी साक्ष विभागाच्याच कर्मचाऱ्याने दिली. संघीय न्यायालयाचे न्या. जॅक वाइनस्टीन यांनी २००२ च्या निकालपत्रात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मुलाने हिंसा पाहिली एवढ्यावरून आईने दुर्लक्ष केले असे ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

इंग्लंडमध्ये २००५ पासून दुसऱ्याचा छळ पाहण्या-ऐकण्याने होणारी हानी ही बालकाची हानी मानली जाते.

भारतात हा ठपका वेगळी संज्ञा म्हणून रूढ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा पीडितेला मिळू शकतो. संरक्षण अधिकारी भरतो त्या घटना अहवालाच्या नमुन्यात मुलांचे नाव, वय आणि ‘सध्या कोणाकडे’ असे रकाने आहेत; आईच्या कसुरीचा नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी बालकल्याण समिती मात्र बाल न्याय कायद्याखाली, स्वतंत्रपणे चालते. महाराष्ट्रात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसमवेत हिंसाग्रस्त स्त्रियांच्या मदतीसाठी सुरू केलेल्या विशेष कक्षाच्या नावातच ‘महिला व मुले’ असा जोड-उल्लेख आहे.