जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रिया

अतिस्थूलतेवरील उपचार म्हणून जठरात मावणारे अन्न कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांचा गट. गॅस्ट्रिक बायपास या वजन घटवण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत अन्नाची आतड्यातली वाट बदलतात, इथे ती तशीच राहते. आज बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, पोटावर काही लहान छिद्रे पाडून होतात.

अमेरिकेतील आयोवाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९८०च्या सुमारास जठराच्या वरच्या भागात पिनांची उभी ओळ मारून छोटी पिशवी केली आणि तिच्या तोंडाशी पट्टी बसवली. पण आइसक्रीम, सरबते अशा गोड, पातळ पदार्थांना ती पिशवी अडवू शकत नसे, आणि पिनांची ओळही कालांतराने उसवे. पुढे सिलिकॉनचा पट्टा आला. तो जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवतात आणि त्वचेखालच्या बटणातून सुईने सलाइन भरून घट्ट किंवा सैल करतात. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. पट्टा सरकणे, जठरात रुतणे अशा तक्रारींमुळे तो मागे पडला.

आता जगभर सर्वाधिक होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तोंडावाटे जठरात जाड नळी घालतात, तिच्या कडेने स्टेपलरने जठर उभे कापत जातात आणि सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ते केळ्यासारखे निमुळते जठर. आधी अतिजड रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचा हा केवळ पहिला टप्पा होता, पण अनेकांचे वजन एवढ्यानेच इतके उतरले की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते. तो भाग गेल्याने पोट लवकर भरते आणि भूकही मंदावते. अतिस्थूल माणसाला ‘जिभेवर ताबा ठेव’ एवढेच सांगणे किती अपुरे आहे, हे यावरून कळावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पाणी, ताक, वरणाचे पाणी घोटाघोटाने घ्यावे लागते. पुढे मऊ भात आणि मग नेहमीचे जेवण, तेही वाटीभर, सावकाश चावून. जेवताना पाणी पीत नाहीत. प्रथिने पुरेशी घ्यावी लागतात, बी-१२ व लोहाची तपासणी चुकवून चालत नाही. पिनांच्या ओळीतून गळती हा सुरुवातीचा गंभीर धोका. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, म्हणून ती आधीपासूनच तीव्र असेल तर डॉक्टर बहुधा बायपास सुचवतात.