गिअरचा इंच कुठून आला?

बेळगावात जुन्या माणसांशी सायकलचा विषय काढला की आकडे निघतात. 'माझी २४ची होती', 'थोरल्यासाठी २२ची घेतली'. हे इंच फ्रेमच्या उंचीचे. चाक मात्र दोन्हींना बहुधा २८ इंचीच. म्हणजे एकाच सायकलवर दोन प्रकारचे इंच आधीच नांदत होते. गिअर किती जड किंवा हलका ते सांगणारा गिअरचा इंच हा तिसरा, आणि तो टेप लावून कुठंच सापडत नाही. कारण ज्या चाकाचा तो इंच, ते चाकच रस्त्यावरून केव्हाच गेलं.

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये उंच सायकल चालायची. पुढं भलंमोठं चाक, मागं चिमुकलं. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला, चेन नाहीच. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठं हवं, आणि चाक मोठं हवं तर टांग लांब हवी. पन्नास-पंचावन्न इंचांच्या वर बहुतेकांचे पाय पायडलला पुरत नसत, साठ इंची चाक ताडमाड माणसाचंच. तेव्हा 'किती इंची?' एवढं विचारलं की वेग, उंची आणि थोडा रुबाबही कळायचा.

१८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. दोन्ही चाकं बेताची, आणि मागच्या चाकाला चेननं ओढ. आता लहान चाकही पायाच्या एका फेऱ्यात दोन-अडीचदा फिरू लागलं. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात जुनाच हिशोब होता: ही माझ्या ५४ इंचीइतकी पळेल का? उत्तर देण्यासाठी पायडलजवळच्या पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, असं गणित रूढ झालं. येणारा आकडा म्हणजे तितक्याच वेगानं पळणाऱ्या, चेन नसलेल्या उंच सायकलच्या चाकाचा व्यास.

बेळगावच्या कारखान्यांच्या उद्यमबागेत लेथवर आटे पाडणाऱ्याला दात्यांचा हा भागाकार समजावून सांगावा लागत नाही, चेंजगिअर लावताना तो हेच करतो. त्याला नवी वाटेल ती चाकानं गुणायची पायरी. पण तीच महत्त्वाची. नुसतं ४८ भागिले १८ म्हटलं तर २८ इंची चाकाची काळी सायकल आणि २० इंची चाकाची पोराची सायकल सारखीच ठरते. चाक धरलं की पहिली सुमारे ७५ इंच, दुसरी ५३. आपल्या दूधवाल्यांची ती काळी सायकल म्हणजे खरं तर ७५ इंच चाकाची उंच सायकल, जिच्यावर एकाही माणसाचे पाय पुरले नसते!

फ्रेंचांनी गेलेल्या चाकाचं हे भूत मानलं नाही. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते, एवढंच ते मोजतात. इंचाच्या आकड्याला पायनं (π, म्हणजे सुमारे ३.१४) गुणून मीटर केले की झालं: आपले ७५ इंच म्हणजे जवळजवळ ६ मीटर. मला ही पद्धत अधिक सरळ वाटते, रस्त्यावर खडूनं खूण करून कोणीही पडताळू शकतो. गंमत म्हणजे एवढ्या नेटक्या मापाच्या देशातच टूर द फ्रान्स शर्यतीत चेन सरकवून गिअर बदलण्याची सोय १९३७पर्यंत स्पर्धकांना नव्हती. संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते ती म्हाताऱ्यांची सोय.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन वेगांचा हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला तुंबा, आला. त्याचे गिअर हबच्या पोटात, बाहेरून दाते मोजून काही कळत नाही. अशा वेळी इंचच कामाला येतो: मधला ७२ असेल तर खालचा पाऊणपट, म्हणजे ५४, आणि वरचा सव्वापटीहून थोडा जास्त, ९६.

आज दुकानात 'एकवीस गिअर हाय की ओ' असं सांगतात. पुढं २८, ३८, ४८ दाते, मागं १४ ते २८ दात्यांची सात चक्रं, चाक २६ इंची. सगळ्यात हलका गिअर २६ इंच, सगळ्यात जड ८९. पण पुढं २८ आणि मागं १४ म्हणजे ५२ इंच, पुढं ४८ आणि मागं २४ म्हणजेही ५२च. अशा जवळपास सारख्या जोड्या आणखीही निघतात, शिवाय चेन फार तिरकी होते म्हणून काही वापरायच्याच नसतात. २१ हा आकडा पाटीवर शोभतो.

इंच आणि मीटर दोन्ही क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबी विसरतात, ही त्यांची खोट. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी तीही हिशोबात घेणारं प्रमाण सुचवलं. १७० मिलिमीटर क्रँक धरली तर काळ्या सायकलवर पाऊल एक वीत फिरलं की सायकल साडेपाच वितींहून थोडी जास्त पुढं जाते. हिशोब चोख, पण बोलण्यात इंचच राहिला.

दुधाची कॅन अडकवून कपिलेश्वर उड्डाणपूल चढायचा असेल तर ७५ इंच जडच. मागं १८ऐवजी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर ते ६७वर येतात.