जोर सोडले की स्नायूंची चरबी होते?

सोलापुरात कुणी घरी जोर-बैठका सुरू केल्या की ओळखीतला एकजण हमखास बजावतो, "मध्येच सोडलंस तर अंग सुटेल, स्नायूंची चरबी होते." पुरावा म्हणून तालमीतला एखादा ढेरपोट्या माजी पैलवान दाखवला जातो.

स्नायूची पेशी वेगळी, चरबीची वेगळी. एकीची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला की स्नायू बारीक होतात, एवढंच. चरबी वाढते ती खाण्यामुळे. पैलवानाची मेहनत थांबते, पण दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक चालूच राहतो आणि पोटावर जमतो. खुराक आवरलेले माजी पैलवानही असतात. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही!

या धाकाचं खरं नुकसान निराळंच. गड्ड्याच्या यात्रेत किंवा लग्नसराईत आठवडा बुडाला, की "आता गेलंच सगळं" म्हणून माणूस कायमचा सोडतो. वास्तविक २-३ आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी उतरत नाही, आणि उतरलेली पहिल्यापेक्षा लवकर परत येते. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगते, रोज नव्हे. खंडानंतर निम्म्या जोरांपासून सुरू करा; मे महिन्यात मात्र पहाटेच.