शेताचा फेरफार ओढता, मग गाडीचा का नाही? जुनी कार नावावर करून घेण्याची प्रक्रिया

आपल्याकडे कुणी दोन एकर शेत घेतलं की रजिस्ट्री झाल्यावरही त्याचा जीव भांड्यात पडत नाही. तलाठ्याकडे खेटे घालायचे, फेरफार ओढला का विचारायचं, सातबाऱ्यावर नाव चढलं की उतारा काढून घरी आणायचा. बोजा आहे का, वारसांच्या हरकती आहेत का, हे सगळं आपण जन्मजात शिकलेलो असतो. तोच माणूस सोयाबीनचे पैसे हातात आले की तीन-चार लाखांची जुनी गाडी पाचशेच्या बॉण्डवर घेऊन येतो. टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करण्याच्या फॉर्मवर) विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ते कपाटात ठेवतो आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवतो.

आमच्या घरात याचा फटका बसला आहे, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितो. माझ्या चुलत्यांनी त्यांची जुनी जीप शेजारच्या तालुक्यात विकली. बॉण्ड झाला, पैसे मिळाले, चावी दिली. घेणाऱ्यानं नावावर केली नाही, विमाही भरला नाही. तीन वर्षांनी त्या जीपचा अपघात झाला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती काकांच्या नावानं. पुढची दोन वर्षं काका वकिलाकडे आणि कोर्टात चकरा मारत होते. बॉण्डचा कागद ते प्रत्येक वेळी पिशवीत घेऊन जायचे.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्यानं मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं न्यायालयानं ठरवलं. म्हणजे आरसी, म्हणजेच नोंदणी प्रमाणपत्र, हाच गाडीचा सातबारा. बॉण्ड ही फार तर इसार पावती समजा.

अर्ज कुणी, कुठे आणि किती दिवसांत करायचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे दोघांवरही जबाबदारी आहे. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. गाडी परराज्यात जाणार असेल तर ही मुदत ४५ दिवसांची आहे. घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं, आणि ते त्याचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण, म्हणजे गाडी जिथे उभी राहणार ते ठिकाण, ज्या आरटीओच्या हद्दीत येतं तिथे. लातूरची एमएच-२४ ची गाडी नांदेडच्या माणसानं घेतली तरी नंबर बदलत नाही. मालकाचं नाव आणि पत्ता तेवढा बदलतो. आपल्या मराठवाड्यातले क्रमांक बहुतेकांना पाठ आहेतच: छत्रपती संभाजीनगर २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६, हिंगोली ३८ आणि अंबाजोगाई ४४.

पात्रतेबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की लायसन नसेल तर गाडी नावावर होत नाही. तसं काही नाही. गाडी चालवायला लायसन लागतं, मालक व्हायला लागत नाही. आईच्या किंवा बायकोच्या नावावर गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या.

कागद कोणते

मुख्य फॉर्म दोन, २९ आणि ३०. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला दिलेली सूचना, याच्या दोन प्रती लागतात. फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. लोक ज्यांना ‘टीटी फॉर्म’ म्हणतात ते हेच. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा (आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट), पॅन कार्ड, पॅन नसेल तर फॉर्म ६०, फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. हा प्रिंट घेताना चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासतात. ते काम स्वतः उभं राहून करून घ्या. ठोकलेला नंबर खाडाखोडीचा आहे का, आसपास वेल्डिंग दिसतं का, ते त्याच वेळी कळतं.

विकणाऱ्यानं कर्ज काढून गाडी घेतली असेल तर आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो, ज्याला आपण एचपी म्हणतो. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं होत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्यावरच तो उतरतो. ‘हप्ते कधीच संपलेत, एनओसी घरी आहे’ असं कुणी म्हणालं तर ती घरची एनओसी आधी डोळ्यांनी बघा, मगच इसार द्या. तुम्ही स्वतः कर्जावर जुनी गाडी घेत असाल तर नवा बोजा चढवायला फॉर्म ३४ लागतो आणि तो याच अर्जासोबत जातो.

मालक वारला असेल तर फॉर्म ३१. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते, तेवढ्यात नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. अशी गाडी घेणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. आधी ती वारसाच्या नावावर होऊ द्या, मग त्याच्याकडून घ्या. वारलेल्या माणसाच्या जुन्या सहीच्या फॉर्मवर कुणी काम करून देतो म्हणालं तर तिथून उठून या. ती फसवणूक आहे आणि तिच्यात तुमचंही नाव येईल.

ऑनलाइन अर्ज

अर्ज परिवहन विभागाच्या पोर्टलवरून भरायचा असतो. वाहन सेवा, मग महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक. इथेच निम्मे लोक अडकतात, कारण ओटीपी विकणाऱ्याच्या नोंदणीकृत मोबाइलवर जातो आणि दहा वर्षांपूर्वी शोरूमवाल्यानं टाकलेला तो नंबर केव्हाच बंद पडलेला असतो. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याला शेजारी बसवा आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो का ते बघा. येत नसेल तर मोबाइल नंबर अद्ययावत करण्याचं काम आधी त्याच्याकडून करून घ्या. एकदा पैसे घेतल्यावर माणूस पुण्याला निघून जातो आणि फोन उचलत नाही, हे मी चार-पाच ओळखीच्यांकडे पाहिलं आहे.

कारसाठी नावबदलाची सरकारी फी ३०० रुपये आहे, नव्या नोंदणीच्या ६०० रुपयांच्या निम्मी. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपाल खर्च वेगळा. बोजा उतरवणं किंवा चढवणं असेल तर त्याची फी वेगळी. पावती पोर्टलवरच मिळते, ती जपून ठेवा. एजंट पाच-सहा हजार मागतो तेव्हा यातलं सरकारचं किती आणि त्याचं किती, हे त्याला तोंडावर विचारायला काही हरकत नाही.

अर्ज अडतो कुठे? दोन ठिकाणी हमखास. एक म्हणजे ई-चलन. गाडीवर दंड थकलेला असेल तर तो आधी भरावा लागतो, म्हणून महाट्रॅफिकच्या पोर्टलवर नंबर टाकून बघा आणि तो दंड कोण भरणार हे सौद्यातच ठरवा. दुसरं, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते, चारचाकीला जीएसटी सोडून ७४५ रुपये. प्लेट नसेल तर नावबदलाचं काम आरटीओत पुढे सरकत नाही.

इंजिन बघताना आरसी हातात ठेवा

गाडीतले बिघाड आणि कागद यांचा संबंध लोकांना लक्षात येत नाही. मेकॅनिक इंजिन बघतो, एजंट कागद बघतो, दोन्ही शेजारी ठेवून कुणीच बघत नाही. इंजिन बसलं म्हणून भंगारातलं दुसरं टाकलेलं असतं आणि आरसीवर जुनाच इंजिन नंबर असतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं, पण आरसीवर इंधन फक्त पेट्रोल. पांढरी गाडी काळी केलेली. हे बदल आरसीवर नोंदलेले नसतील तर नाव चढवताना अडचण येते आणि विम्याचा दावा करताना त्याहून मोठी. पिवळ्या पाटीची टॅक्सी पांढरी करून विकली असेल तर परमिट रद्द होऊन ती खासगी म्हणून रीतसर नोंदली गेली आहे का, तेही बघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे जो महापूर आला, त्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, हे गृहीत धरून चला. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांना गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती, कार्पेट उचललं की कुबट वास. काळ्या मातीचा गाळ सहजासहजी निघत नाही. विम्याचा मागचा इतिहास विकणाऱ्याकडून मागा, टोटल लॉसचा (गाडी पूर्ण निकामी ठरल्याचा) दावा झाला होता का ते विचारा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू करताना निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट आत शिरत असेल. डिझेलला काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्या, ते काम महागात जातं. सेल्फ नुसता टक-टक करत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलवर बुरशी असते, ते स्वस्तात निघतं, भाव करायला मात्र उपयोगी पडतं. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा म्हणजे एसी चालू ठेवून गाडी उभ्या जागी वीस मिनिटं तापू द्यायची. दिवाळीच्या थंडीत घेतलेली गाडी मे महिन्यात ४२ अंशांत उकळते, तेव्हा कळतं की फॅन लागत नव्हता किंवा रेडिएटर चोक होता. काट्यावर नजर ठेवा आणि फॅनचा आवाज ऐका.

परराज्यातली गाडी

देगलूर, बिलोली, उदगीर, उमरग्याकडे टीएस, टीजी (तेलंगणा) आणि केए (कर्नाटक) पाटीच्या गाड्या स्वस्तात मिळतात. दिल्लीच्या दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्याही तिथल्या बंदीमुळे कवडीमोलानं इकडे येतात. भाव बघून घाई करू नका. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी लागते, ती फॉर्म २८ वर मिळते. गाडी चोरीची नाही याची खात्री राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेतून करता येते. इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नवा नंबर घ्यावा लागतो, त्याचा अर्ज फॉर्म २७. आणि आपल्या राज्याचा एकरकमी कर भरावा लागतो, तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. मूळ राज्यात भरलेल्या करातून उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज तिथल्या मालकाच्या नावानं तिथेच करायचा असतो. हा सगळा खर्च आणि वेळ मिळवला की बऱ्याचदा एमएच पाटीची गाडीच स्वस्त पडते.

गाडीचं वयही हिशोबात धरा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५ वर. १५ वर्षांपुढच्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या कारला १०,०००. दीड लाखात मिळणारी २००८ ची गाडी घेताना ही रक्कम भावातून वजा करून बोला.

विमा आणि डीलर

आरसीवर नाव चढलं तरी विमा वेगळा बदलावा लागतो. घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवा. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाहीत. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याला तो पुढच्या गाडीसाठी राखून ठेवता येतो, तेव्हा हप्त्यात फरक पडणार हे धरून चला.

गाडी डीलरकडून घेत असाल किंवा त्याला विकत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम लागू आहे. फॉर्म २९-ब हे ते प्रमाणपत्र, आणि तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-क वर पोर्टलवर जाते. ती गेली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते आणि ट्रायल किंवा दुरुस्तीशिवाय त्याला ती रस्त्यावर फिरवताही येत नाही. माझ्या काकांच्या वेळी ही सोय नव्हती. आज आहे, तर तो फॉर्म भरल्याशिवाय चावी देऊ नका.

खासगी व्यवहारात चावी देण्याच्या दिवशीच दोघांनी एकत्र बसून अर्ज दाखल करावा. ते जमत नसेल तर वीस-पंचवीस हजार रुपये नाव चढेपर्यंत मागे ठेवायचं बॉण्डवर लिहून घ्या, चावी दिल्याची तारीख आणि वेळही त्यावर टाका, दोघांच्या आधारच्या प्रती जोडा. विकणाऱ्यानं फॉर्म २९ ची पोच स्वतःकडे ठेवावी आणि महिनाभरानं पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव दिसतं ते बघावं. अजून आपलंच दिसत असेल तर त्याच दिवशी आरटीओत लेखी अर्ज द्यावा.