रेडिसमध्ये टीटीएल संपल्यावर 'की' (key) लगेच डिलीट होते? नाही हो

रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस, 'की' म्हणजे ज्या नावाखाली व्हॅल्यू साठवतात ते नाव, आणि टीटीएल म्हणजे ती की किती वेळ टिकेल ती मुदत. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय की कीला ६० सेकंदांचा एक्स्पायरी टाइम (म्हणजे टीटीएल) लावला की ६०व्या सेकंदाला रेडिस ती की मेमरीतून काढून टाकतं. तसं नसतं! प्रत्येक कीसाठी वेगळा टायमर चालत नाही, रेडिस फक्त कधी संपणार ती वेळ लिहून ठेवतं, आणि मग कोणी ती की मागितली की आधी वेळ बघतं, संपली असेल तर तेव्हाच उडवतं आणि 'नाही' म्हणून सांगतं, म्हणजे जुनी व्हॅल्यू तुम्हाला मिळत नाही हे खरंय पण मेमरी तोवर अडकलेलीच असते. ज्या की कोणी मागतच नाही त्यांच्यासाठी मागे एक सफाई चालते, डीफॉल्ट सेटिंगला सेकंदाला १० वेळा, त्यात टीटीएलवाल्या थोड्या की उचलून तपासतात, संपलेल्या जास्त निघाल्या तर परत एक फेरी.

म्हणून एक्स्पायर्ड इव्हेंटवर (की संपल्याची रेडिस पाठवतं ती सूचना) कृपा करून पेमेंट रद्द करण्यासारखं काम टांगू नका, तो इव्हेंट 'की' खरंच डिलीट झाल्यावर येतो, टीटीएल शून्य झाल्यावर नाही. आणि हो, त्याच कीवर साधं सेट (SET, व्हॅल्यू लिहायची कमांड) परत मारलं तर टीटीएलच निघून जातो, तो टिकवायचा तर सेटसोबत कीपटीटीएल (KEEPTTL) हा पर्याय द्यावा लागतो (रेडिस ६.० पासून आहे).